रंजकहीनता : पांढऱ्या केसांचे मूल आणि शाळेचा फळा

केळापूर तालुक्यातील एका गावी शासकीय योजनांची माहिती देण्याच्या निमित्ताने जाण्याचा योग आला होता. कार्यक्रम शाळेच्या आवारातच होता. ग्रामस्थ जमण्यास अवकाश असल्याने मुख्याध्यापकांसमवेत वर्गांतून एक फेरी मारली. चौथीच्या वर्गात अगदी शेवटच्या बाकावर, खिडकीशेजारी, एक मुलगा बसला होता. केस वेचलेल्या कापसासारखे पांढरे, भुवया आणि पापण्याही तशाच, कातडी गुलाबी. पुस्तक त्याने नाकाला टेकेल इतके जवळ धरले होते आणि मान एका बाजूस वाकडी केली होती. वर्गशिक्षक म्हणाले, "भुऱ्या आहे. अभ्यासात जरा मंदच. फळ्यावरचं काहीच उतरवून घेत नाही." मुलगा हे सारे ऐकत होता.

त्याला फळा दिसतच नव्हता, ही साधी गोष्ट चार वर्षांत कोणाच्याही ध्यानी आली नव्हती. शिक्षक मनाने वाईट नव्हते. खिडकीशी वारा लागतो, बिचाऱ्याला उकाडा सोसत नाही, अशा कणवेनेच त्यांनी त्यास तेथे बसविले होते. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. त्यालाही त्या दिवशी यापेक्षा अधिक काही ठाऊक नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी परतल्यावर डॉक्टर मंडळींना विचारले, पुस्तके चाळली, आणि मग ती खिडकी, ती वाकडी मान व तो शेवटचा बाक या तिन्हींचा अर्थ हळूहळू उलगडत गेला. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्या रोजच्या कामाशी या विषयाचा निकटचा संबंध असल्याने तो येथे मांडीत आहे.

रंगाचा कारखाना

मनुष्याच्या त्वचेला, केसांना आणि बुबुळांना जो रंग येतो तो मुख्यतः मेलॅनिन नावाच्या रंजकद्रव्यामुळे. हे द्रव्य त्वचेतील विशिष्ट पेशींत तयार होते. टायरोसीन या साध्या अ‍ॅमिनो आम्लापासून टप्प्याटप्प्याने ते बनते आणि त्यातील पहिल्याच महत्त्वाच्या टप्प्यासाठी टायरोसिनेज नावाचे एंझाइम लागते. ते एंझाइम तयार करणारे किंवा पुढील टप्प्यांस साहाय्य करणारे एखादे जनुक सदोष असले, की मेलॅनिन अजिबात बनत नाही अथवा फारच थोडे बनते. या जन्मजात अवस्थेस रंजकहीनता म्हणतात. इंग्रजीतील 'अल्बिनिझम' हाच तो शब्द.

आपल्या जिल्ह्यातील वाचकास जिनिंगचा दाखला पटावा. कारखाना उभा आहे, रेचे जागेवर आहेत, कापसाच्या गाड्याही दाराशी लागल्या आहेत, पण वीज नाही. म्हणून रुई निघत नाही. रंजकहीन व्यक्तीच्या त्वचेत रंग बनविणाऱ्या पेशी इतरांइतक्याच असतात, त्यांचे काम तेवढे अडलेले असते. कोडाचे तसे नाही. कोडात या पेशीच नष्ट होतात. म्हणजे कारखानाच बसतो, आणि तोही एखाद्या जागी, पुढे केव्हातरी. म्हणून कोड पुष्कळदा जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी डागांच्या रूपाने दिसू लागते. रंजकहीनता मात्र जन्मापासून असते आणि बहुधा सर्वांगी असते.

कुष्ठरोगाशी होणारी गल्लत याहून अधिक क्लेशकारक. वणी तालुक्यालगत, वर्धा नदीपलीकडे, वरोरा आहे. तेथे १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्याही आधी, १९३६ पासून, वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांचे कार्य सुरू झाले होते. एवढी परंपरा ज्या भागास लाभली, तेथेही कातडीवर पांढरे काही दिसले की लोक अजून दोन पावले मागे सरतात. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्याच्या चट्ट्याला स्पर्श कळेनासा होतो आणि औषधाने तो पूर्ण बरा होतो. रंजकहीन त्वचेला स्पर्श, थंडी, ऊन सारे उत्तम कळते. ती संसर्गाने कोणाला होत नाही. तिच्यावर रंग आणणारे औषधही नाही. तसे सांगून पैसे घेणाऱ्या बाजारातील वैदूंपासून पालकांना वेळीच सावध केले पाहिजे.

खरी उणीव डोळ्यांत

रंग हा पाहणाऱ्याच्या नजरेत भरतो म्हणून आपण त्याचीच चर्चा करतो. ज्याला ही अवस्था आहे त्याची रोजची अडचण मात्र डोळ्यांची असते. गर्भात डोळा घडत असताना मेलॅनिनचा अभाव असेल तर दृक्पटलाच्या मध्यावरील पीतबिंदू पुरता विकसित होत नाही. बारीक अक्षर, सुईचे नेढे, दूरच्या एसटीची पाटी, हे सारे आपण त्या एवढ्याशा बिंदूने पाहतो. चष्म्याने प्रकाशाचे वळण सुधारते, पण पडदाच अपुरा असल्यास चष्मा काही अंशीच उपयोगी पडतो. म्हणून "चष्मा दिला आहे, आता काय अडचण?" हा प्रश्न येथे गैरलागू होय.

दुसरी गोष्ट मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची. सर्वसाधारण मनुष्यात प्रत्येक डोळ्यातील सुमारे निम्मे तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूस ओलांडून जातात व उरलेले त्याच बाजूस राहतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा जुळतात आणि वस्तू किती दूर आहे याचा अंदाज येतो. रंजकहीनतेत ओलांडून जाणाऱ्या तंतूंचे प्रमाण पुष्कळ वाढते. परिणामी तिरळेपणा येतो, खोलीचा अंदाज चुकतो. असे मूल पायरी उतरताना अडखळते आणि क्रिकेटचा चेंडू अगदी अंगावर येईतो त्याला उमगत नाही. मैदानावर त्याला 'भित्रा' हे दुसरे विशेषण मिळते.

तिसरी, आणि शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी खूण म्हणजे डोळ्यांची अखंड हालचाल. जन्मानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आईच्या ते लक्षात येते. बाळाची नजर ठरत नाही असे ती सांगते. ही हालचाल मुलाच्या इच्छेवर नसते. मात्र मान एका विशिष्ट कोनात वळविली असता ती कमी होते आणि अक्षर थोडे स्थिर दिसते. तो कोन मूल स्वतःच शोधून काढते. चौथीच्या वर्गातील ती वाकडी मान ही त्या मुलाची खोड नव्हती. ती त्याने कोणाच्याही मदतीवाचून शोधलेली युक्ती होती. "मान सरळ कर" असे त्यास दटावणे म्हणजे हाती असलेली थोडी दृष्टीही काढून घेणे होय. पुस्तक डोळ्यांशी धरल्याने डोळे बिघडतात ही समजूतही चुकीची आहे. जवळ धरल्याने अक्षर मोठे दिसते, इतकेच.

आणि चौथी अडचण प्रकाशाची. रंजक नसल्याने बुबुळ पडद्याचे काम नीट करीत नाही आणि प्रकाश डोळ्यात भरमसाट शिरतो. खिडकीकडे तोंड करून बसलेल्या अशा मुलास फळा जवळ असूनही चकाकीपलीकडे काही दिसत नाही. वाऱ्यासाठी दिलेली ती जागा सर्व वर्गात त्याला सर्वांत गैरसोयीची होती.

या डोळ्यांचा रंग लालच असतो असा समज रूढ आहे. पांढऱ्या सशामुळे तो पसरला असावा. माणसांत बुबुळे बहुधा निळसर, करडी किंवा फिकट तपकिरी असतात; विशिष्ट प्रकाशात आतील रक्तवाहिन्यांमुळे तांबूस झाक तेवढी दिसते. काहींच्या केसांत वयाबरोबर पिवळसर वा तांबूस रंग उतरतो. रंजकहीनतेचा एक प्रकार तर केवळ डोळ्यांपुरता असतो. तो प्रायः मुलग्यांत आढळतो आणि त्यात केस व कातडी चारचौघांसारखी असल्याने निदान आणखी लांबते. डोळे हलणारा, उन्हात मिचकावणारा, फळा न दिसणारा सावळा मुलगाही या वर्गात मोडू शकतो.

बुद्धीचा या अवस्थेशी संबंध नाही. दृष्टीही वयानुसार सहसा ढासळत जात नाही. म्हणजे पहिल्या इयत्तेत केलेली योग्य व्यवस्था दहावीपर्यंत पुरते.

"पुढचं लेकरू बी असंच होईन काय जी?"

सभा आटोपल्यावर त्या मुलाच्या आईने हा प्रश्न विचारला. तिला घरात काय ऐकावे लागले असेल याची कल्पना करता येते. ग्रहणात बाहेर पडली, पांढरे पदार्थ फार खाल्ले, कोणाची दृष्ट लागली. आणि जे उघड बोलले जात नाही ते अधिक विखारी असते. सावळ्या आईबापांच्या पोटी पांढरे मूल जन्मले की पहिला संशय आईच्या चारित्र्यावर येतो.

वस्तुस्थिती अशी की बहुतेक प्रकारांत दोष आई आणि बाप या दोघांकडूनही आलेला असतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. एक प्रत सदोष व दुसरी निर्दोष असेल तर रंग व्यवस्थित येतो आणि त्या व्यक्तीस आपण वाहक आहोत याचा आयुष्यभर पत्ता लागत नाही. असे दोन वाहक पतीपत्नी झाले, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रंजकहीन होण्याची शक्यता चारांत एक असते. 'प्रत्येक' या शब्दावर जोर द्यावयास हवा. एक मूल असे झाले म्हणजे पुढची तीन निश्चित चांगली, असा हिशेब नाही. दर खेपेस फासा नव्याने पडतो. तद्वतच पाठोपाठ दोन मुले अशी झाली तरी कोणाचा कोप झालेला नसतो. त्या माउलीला एवढेच सांगता आले, की तिच्या हातून काहीही चुकलेले नाही आणि तिच्या नवऱ्याचा वाटा तिच्याइतकाच आहे. नवरा शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही, पण निघूनही गेला नाही.

आनुवंशिक दोष शरीरातील रासायनिक क्रिया कशी अडवितो, हे लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ साली आपल्या व्याख्यानांतून मांडले. त्यांनी निवडलेल्या चार उदाहरणांत रंजकहीनता हे एक होते.

नात्यातील लग्नांचा मुद्दा येथे टाळता येणार नाही. मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. आतेमामे भावंडांत सरासरीने एक अष्टमांश जनुके समान असतात. एकाच आजोबांकडून आलेली सदोष प्रत दोघांकडेही असण्याचा संभव त्यामुळे वाढतो. अशा सर्वच विवाहांतून दोष उद्भवतो असे मुळीच नाही. पण ज्या कुळात एक मूल असे जन्मले आहे तेथे पुढची सोयरीक नात्याबाहेर पाहणे शहाणपणाचे.

वाघ, गोरिला आणि गवळाऊ गाय

प्राण्यांतही हाच नियम चालतो. मे १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी विंध्यातील जंगलात एक पांढरा बछडा पकडला. त्याचे नाव मोहन. सामान्य रंगाच्या वाघिणीपासून त्यास पांढरी पिल्ले होईनात. तेव्हा त्याचा जोडा त्याच्याच राधा नावाच्या कन्येशी लावण्यात आला आणि १९५८ साली चार पांढरे बछडे जन्मले. प्राणिसंग्रहालयांत जे पांढरे वाघ गर्दी खेचतात ते प्रायः या गोतावळ्यातील. काटेकोर अर्थाने पांढरा वाघ रंजकहीन नव्हे. त्याचे पट्टे काळसर असतात, डोळे निळे असतात. परंतु दृष्टितंतूंचा जो घोटाळा माणसांत सांगितला, तो पांढऱ्या वाघातही आढळल्याचे १९७३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अनेक पांढरे वाघ तिरळे असतात ते यामुळेच.

बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयातील 'स्नोफ्लेक' नावाचा गोरिला मात्र खराखुरा रंजकहीन होता. १९६६ साली आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनीत तो सापडला आणि २००३ साली त्वचेच्या कर्करोगाने मेला. त्याच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा दिसून आले, की त्याचे आईबाप बहुधा काका-पुतणीसारख्या नात्यातील होते. त्याच वर्षी पांढऱ्या वाघाच्या रंगाचे मूळही सापडले. ते त्याच जनुकात निघाले.

आपल्या जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. तेथे जन्मलेला एक तरुण नर २०१९ मध्ये बाहेर पडला आणि सुमारे ३,००० किलोमीटरची पायपीट करीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, हे गळ्यातील रेडिओ पट्ट्यामुळे कळले. तरुण नर असे दूर जातात म्हणून रानात जवळच्या रक्ताचे मीलन टळते. जंगलांना जोडणारे पट्टे मोकळे ठेवण्यासाठी वनखाते आग्रही असते त्याचे हे एक कारण.

रानात रंजकहीन प्राणी क्वचितच दीर्घायुषी होतो. हिरव्या-तपकिरी परिसरात तो शिकाऱ्यास लांबून दिसतो आणि स्वतःला मात्र नीट दिसत नाही. नागाचे एखादे पांढरे पिल्लू सापडले की गावोगावचे लोक हळदकुंकू घेऊन धावतात. नाग पांढरा असला तर देव आणि लेकरू पांढरे असले तर शाप, ही आपली तऱ्हा.

पशुपालकांसाठी एक खुलासा. प्रत्येक पांढरे जनावर रंजकहीन नसते. वर्धा-नागपूरकडील गवळाऊ गाय पांढरी शुभ्र, पण तिचे नाक, पापण्या व केसांखालील कातडी काळी असते. ती विदर्भाचे ऊन सहज सोसते. गुलाबी कातडीचे, फिकट डोळ्यांचे, उन्हात डोळे मिटून घेणारे रेडकू जन्मले तर ते मात्र रंजकहीन समजावे. त्याला सावलीत बांधावे आणि पैदाशीसाठी वापरू नये.

ऊन

मेलॅनिन ही त्वचेची छत्री. ती नसल्याने सूर्यातील अतिनील किरण थेट आत शिरतात. असे कातडे उन्हाने रापत नाही, भाजते. आणि वर्षानुवर्षे भाजत राहिल्यास त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे निराळे सांगण्याची गरज नसावी असे वाटते. पण अतिनील किरणांचा उष्णतेशी संबंध नाही. कापूस वेचणीच्या दिवसांतील थंड दुपारही घातक ठरू शकते. पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी किंवा कान व मान झाकणारे उपरणे, आणि परवडत असल्यास त्वचेवर लावावयाचे सूर्यरोधक मलम, एवढा बंदोबस्त पुरेसा होतो. शाळेच्या गणवेशात टोपी नाही म्हणून ती काढावयास लावू नये. कान, ओठ, नाक, मान यांवरील एखादी जखम काही आठवडे भरून न आल्यास विलंब न लावता यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावी. आणखी एक : काही दुर्मीळ प्रकारांत रक्त लवकर थांबत नाही. असे मूल सहज काळेनिळे पडत असेल, तर दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांस ते अवश्य सांगावे.

रोजगार हमीच्या कामावर अशी व्यक्ती आल्यास तिला भर दुपारी खोदाईस न लावता पाणी वाटण्याचे किंवा मजुरांची मुले सांभाळण्याचे सावलीतील काम देता येते. दिव्यांग मजुरांसाठी अशी कामे योजनेतच सुचविलेली आहेत.

दाखला

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. युरोप-अमेरिकेत सुमारे १७,००० ते २०,००० लोकांमागे एक व्यक्ती रंजकहीन आढळते. तेच प्रमाण येथे लावले तर जिल्ह्यात अशा १४० ते १६० व्यक्ती असाव्यात. हा केवळ अदमास आहे. टांझानियात हे प्रमाण सुमारे १,४०० मागे एक इतके मोठे आहे. जनगणनेत यांची वेगळी नोंद होत नाही. त्यामुळे त्या कोठे आहेत हे त्यांच्या गावालाच ठाऊक असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी आहे. तीत रंजकहीनतेचे नाव नाही. म्हणून कित्येक पालक, आणि क्वचित कर्मचारीही, या मुलांना काही लागू नाही असे समजतात. परंतु त्याच यादीत 'अल्पदृष्टी' आहे, आणि उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा जास्त नसेल तर ती व्यक्ती अल्पदृष्टीच्या व्याख्येत येऊ शकते. रंजकहीन व्यक्तींपैकी पुष्कळांची दृष्टी याहून कमीच असते. अर्ज करताना कातडीचा नव्हे, दृष्टीचा मुद्दा लिहावा. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, उच्च शिक्षणात ५ टक्के व शासकीय नोकरीत ४ टक्के राखीव जागांमधील वाटा, परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक हे लाभ मिळू शकतात. जाणूनबुजून चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा अपमान करणे हा याच अधिनियमान्वये शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी असे मूल हमखास गैरहजर असते. उन्हामुळे, किंवा घरच्यांना दाखवावयाचे नसते म्हणून. अंगणवाडी सेविकेने व वर्गशिक्षकांनी आदल्या दिवशी घरी निरोप धाडावा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव करून १३ जून हा दिवस रंजकहीनतेविषयीच्या जागृतीसाठी नेमून दिला. पण विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, सबब आपल्याकडे तो सुटीतच निघून जातो. शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात वर्गांतून एक फेरी मारली तरी तो साजरा झाल्यासारखाच आहे.

वर्गात करावयाचे फार थोडे असते. पुढचा बाक, खिडकीकडे पाठ, फळ्यावर ठळक व मोठे अक्षर, लिहिताना मोठ्याने वाचणे. समग्र शिक्षा योजनेत मोठ्या अक्षरांच्या पाठ्यपुस्तकांची तरतूद आहे. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे मागणी नोंदवावी. मोबाइलवर फळ्याचे छायाचित्र काढून ते मोठे करून वाचण्याची मुभा दिल्यास निम्मे काम होते.

त्या गावच्या शिक्षकांना हे सारे कळविले. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावर नव्हे, फोनवर आले. मुलाला पहिल्या बाकावर आणले होते. फळा तेथूनही पुरता दिसत नाही, असे त्याने स्वतः सांगितले. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून तो फळ्याशेजारी सतरंजीवर बसू लागला. दृष्टितपासणीसाठी यवतमाळला कोणत्या वारी यावे आणि सोबत कोणकोणते कागद आणावेत, हे त्यांना विचारावयाचे होते.